सोनलला माझ्याशिवाय करमत नाही

२५ नोव्हेंबर १९९६, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. आज नातीला, सोनलला, बालमंदिरात घातलं. जूनमध्येच घालायची होती, पण तेव्हा मी अमळनेरला बहिणीकडे होते. माझ्यामागे घरात असले निर्णय घ्यायचे नाहीत असं सांगून गेले होते.

ही डायरी हिलालच्या कापड रंगवायच्या मिलवाल्यांनी दिली. हिलाल माझा मुलगा. तो म्हणाला, माय, मी दिवसभर रंगात हात घालतो, शाईत कशाला घालू, तूच घे. छापील तारखा पुढच्या वर्षाच्या आहेत. त्या खोडून माझ्या घालते. तारीख काही छापणाऱ्याच्या बापाची नाही.

मला लिहिता येतं. तिसरी झाली आहे. म्हणजे परीक्षेला बसले होते. निकाल ऐकायला गेले नाही, लग्न होतं. पास असणारच.

तर बालमंदिर. आपल्या मराठी मंडळाची खोली, बमरोली रोडला, मगनभाईंच्या पिठाच्या गिरणीला लागून. सोनलला आत सोडलं. ती रडली नाही. आतल्या आत रडली. ते फक्त मला कळतं. म्हणून मी चपला काढून आत गेले आणि कोपऱ्यात बसले.

शिकवणारी तेजस्विनीबेन. आपल्यातलीच, बाप बँकेत, राहायला अडाजणला. पुण्याहून लहान पोरांना शिकवायचा कोर्स करून आलीय. लग्न नाही, पोर नाही, पण कोर्स पोरांचा. मला बघून म्हणाली, आजी, सवय होईपर्यंत बसा, काही हरकत नाही. चांगल्या घरची आहे. सोनलला सवय होईपर्यंत असंच तिला म्हणायचं असणार.

जो मुलगा दिवसभर रडला नाही त्याच्या मनगटावर बेन निळ्या पेनाने चांदणी काढते. सोनलला पहिल्याच दिवशी काढली. लाच आहे ती.

२६ नोव्हेंबर

बेनची पद्धत समजून घेतली. पहिला अर्धा वेळ ज्याचं त्याने. प्रत्येकाला एक छोटी चटई. फळीवरून आपल्याला हवं ते काम उचलायचं, मणी ओवणं, बटणं लावणं, डाळ वाटीतून वाटीत ओतणं. आपलं आपण करायचं, झालं की जागच्या जागी ठेवायचं. कुणी कुणाला मदत करायची नाही. मग टाळी वाजते. पुढचा अर्धा वेळ चार-चार जणांचा गट आणि सगळ्यांनी मिळून एकच काम. याला इंग्रजीत दोन नावं आहेत. मला लिहिता येतात, पण लिहीत नाही.

बेन म्हणते दोन्ही सारखं पाहिजे. एकट्याने करता आलं पाहिजे आणि चौघांतही करता आलं पाहिजे. मी म्हटलं, बाई, मी चार पोरं वाढवली, एकालाही चटई दिली नाही.

सोनलने मणी उचलले. दोरा भोकात जाईना. जीभ बाहेर काढून बसली. मी ओवून दिले. सगळे. फार वेळ लागला नाही. सोनल माझ्याकडे बघत राहिली, मग उठून दुसऱ्या पोरीची चटई बघायला गेली. आनंद झाला असणार.

बेन म्हणाली, आजी, तिचं तिला करू द्या. मी म्हटलं, रिकाम्या हाताला मुंग्या येतात. ती म्हणाली, कुणाच्या? हल्लीच्या मुलींना उलट बोलायची सवय.

२८ नोव्हेंबर, सकाळी

ठरलं. आजपासून कशातही हात घालायचा नाही. मी म्हटलं की म्हटलं.

२८ नोव्हेंबर, दुपारी

अजिंक्य नावाच्या पोराचं बटण उलट्या काजात चाललं होतं. बघवेना. ते काही हात घालणं नव्हे, ते सरळ करणं.

बेनने मला काम दिलं. एका डब्यात सगळ्या रंगांचे मणी मिसळून पडले होते. म्हणाली, आजी, हे निवडून द्याल का, तुमच्याशिवाय कुणाला जमणार. लाल लालांत, पिवळे पिवळ्यांत. छान निवडले. माझी गरज किती आहे ते तिच्याच तोंडून आलं.

२ डिसेंबर

मणी पुन्हा मिसळलेले. शुक्रवारीही मिसळलेले होते, शनिवारीही. कोण मिसळतं कोण जाणे. ही पोरं अशीच. मी आहे म्हणून त्या डब्याची अब्रू आहे.

३ डिसेंबर

आज गटाचं काम नीट बघितलं. चौघांत काड्यापेट्यांचं एक घर बांधायचं. सोनल, अजिंक्य आणि दोन पोरी. खळीची वाटी एकच. अजिंक्यने वाटी धरून ठेवली, सोनल नुसती पेट्या हातात घेऊन उभी. माझ्या नातीने कुणाची बिगारी करायची नाही. मी मध्ये पडले. सरळ वाटण्या केल्या. सगळ्यांना सारख्या पेट्या, खळही चार पानांवर वाढून दिली. आपापलं बांधा म्हटलं. भांडण मिटलं. पोरं गप्प झाली, एकमेकांशी बोलेनाशी झाली, इतकी शिस्त लागली.

बेन आली. म्हणाली, आजी, चार घरं झाली की हो, आणि दार एकालाही नाही. मी म्हटलं, वाटण्या वेळेवर झाल्या की दाराची गरज पडत नाही. पुढे मिळून शेती करतील आणि बांधावरून कोर्टात जातील, त्यापेक्षा आत्ताच शिकलेलं बरं.

ती हसली. पण दुसऱ्या डब्यातून बटणं काढून आणली. तीही मिसळलेली. आकाराप्रमाणे लावायची होती. ते काम बराच वेळ चाललं. मान वर केली तेव्हा पोरांनी चार घरं एकाला एक लावून चाळ केली होती. दार अजिंक्यने काढलं, वाकडं. सोनल त्यातून बोट घालून आत-बाहेर करत होती. मी लक्ष दिलं नाही.

७ डिसेंबर

हिलाल रात्रपाळी करून आला आणि चहा पिता पिता म्हणाला, माय, सोनल रुळली आता, तू कशाला रोज त्या पोरांत बसतेस. रंजना, माझी सून, साडीचे धागे कापत बसली होती. घरी गठ्ठे आणते ती. कात्री थांबली तिची. नवऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा कापायला लागली. या दोघांचं काहीतरी ठरलेलं असतं.

मी म्हटलं, बापाला काय कळतं पोरीच्या मनातलं, तिलाच विचारू. सगळ्यांदेखत विचारलं, सोनल, मी शाळेत येऊ की नको?

सोनल म्हणाली, मोठी माय, तुला यायचंय ना? मग ये.

झालं. याहून स्पष्ट काय पाहिजे? पोर माझ्याशिवाय एक दिवस काढणार नाही.

१६ डिसेंबर, चंपाषष्ठी

गल्लीत भरीत होतं. शकुंतलाचा जावई भुसावळ पॅसेंजरने जळगावची हिरवी वांगी घेऊन आला, पोतंभर. पळकाट्या, कपाशीच्या वाळक्या काड्या, इथे कुठल्या, खोक्यांच्या फळ्या जाळून भाजली. सगळ्या बायकांनी मिळून करायचं, असं शकुंतलाने परस्पर ठरवलं. समोरच्या खोलीत राहते आणि गल्लीची सरपंच असल्यासारखी वागते. मला लसूण सोलायला बसवलं. मला! माझ्या हातच्या भरतासाठी आमच्या गावचा तलाठी सायकलवरून यायचा.

लसूण सोलला. मग सहज उठून पातेल्यात बघितलं. मीठ कमी दिसलं. दिसतं ते, चाखावं लागत नाही. घातलं. ढवळलंही.

नंतर कळलं की शकुंतलाने घातलं होतं. तिच्या आधी शेजारच्या धुडकूच्या बायकोनेही घातलं होतं म्हणे. मग चूक तिघींची झाली ना? पण मी शेवटी घातलं म्हणून सगळं माझ्यावर. पुऱ्या कोरड्या खाल्ल्या लोकांनी. शकुंतला म्हणाली, धुरपदाबाई, तुम्हाला एक काम दिलं की तुम्ही दहा करता. मी म्हटलं, तुम्हाला दहा जणींना मिळून एक जमत नाही म्हणून.

मिठात दोष होता. इथलं मीठ फार खारट. समुद्र जवळ आहे.

१७ डिसेंबर

नळावर कुणी बोललं नाही. बरं झालं. पाणी लवकर भरून झालं.

विचार पक्का झाला. माणसाने आपलं काम आपण करावं. बेनची पहिली अर्धी पद्धत शंभर टक्के बरोबर आहे, दुसरी अर्धी बंद केली पाहिजे. हे मी तिला जाऊन सांगितलं. तिला पाठिंबा पाहिजे, बिचारी एकटी आहे. ती म्हणाली, आजी, परवापर्यंत तुम्ही पहिल्या अर्ध्यावर रागावला होता. मी म्हटलं, माणूस शिकतो.

पोरांनाही शिकवलं. पिवळा खडू कुणाला द्यायचा नाही, ज्याने आणला त्याचा. पोरांनी ऐकलं. टाळी वाजली, गट झाले, आणि कुणी कुणाला खडू देईना. मोठं झाड काढायचं होतं. एका पोरीने पिवळी पानं काढली, एकाने नुसतं खोड, बाकीचे हात बांधून बसले. बेनने मला बाहेर बोलावलं.

शांतपणे बोलली. म्हणाली, आजी, सोनल पहिल्या आठवड्यातच रुळली. आता उत्तरायण, आपली संक्रांत, झाली की तुम्ही तिला दारात सोडून घरी जायचं. आत बसायचं नाही.

मी म्हटलं, आणि ती रडली तर?

बेन म्हणाली, ती नाही रडणार.

बघू.

१८ डिसेंबर

विचार केला. म्हणजे माझ्याजवळ उत्तरायणापर्यंतचा वेळ आहे. तेवढ्यात या बालमंदिराला कळलं पाहिजे की माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. घरी बसून मी काय करू? रंजना तिच्या गठ्ठ्याला हात लावू देत नाही. म्हणते, तुम्ही धाग्याबरोबर साडी कापता. एकदा झालं होतं. एकदाच. दोनदा.

घरात मला काम नाही असं नाही. घराला मी पुरत नाही.

२३ डिसेंबर

बेनने उत्तरायणाचं काम काढलं. सगळ्या वर्गाची मिळून एक मोठी पतंग. पतंगवाल्यांच्या डबगरवाडमधून मोठा कागद आणि कामट्या आणल्या. प्रत्येकाने आपल्या चटईवर एकट्याने आपला एक तुकडा सजवायचा, साडीच्या कटिंगच्या चिंध्या चिकटवून. चिंध्या रंजनाने दिल्या, पिशवीभर. मग सगळ्यांनी बसून ठरवायचं, कुणाचा तुकडा कुठे. तेरा तारखेला गच्चीवर उडवायची. बेन म्हणाली, बघा आजी, यात आधी एकेकट्याचं आहे आणि मग सगळ्यांचं.

मी म्हटलं, आणि माझं?

म्हणाली, तुम्ही बघा.

बघते ना.

२ जानेवारी १९९७, गुरुवार

आज मुद्दाम गेले नाही. कळू दे एकदा. रंजना सोडायला गेली. जाताना सोनल म्हणाली, मोठी माय, घरी नीट बस. पोरीचा आवाज कापरा होता. थंडी आहे, तरी पण.

थोड्या वेळाने ज्वारीच्या पिठाचा डबा घेतला आणि सहज गिरणीत गेले. गिरणीच्या मागच्या जाळीतून वर्ग दिसतो. सोनल गात होती. मोठ्याने. घाबरलेली माणसं मोठ्यानेच गातात. मग तिने आपल्या चटईवर मणी ओवले. दोरा भोकात गेला. पुन्हा गेला. एकटीने पूर्ण माळ केली आणि फळीवर ठेवून आली. कुणाला दाखवलीसुद्धा नाही. दाखवायला कुणी नव्हतं म्हणून.

निवडायच्या मण्यांचा डबा कपाटावर ठेवला होता. आज कुणी काढला नाही, आणि मणी जसे निवडले होते तसेच. काहीतरी चुकतंय. मी नसले की पोरं मिसळत नाहीत का?

मगनभाई म्हणाले, माजी, क्यारना ऊभा छो, कधीच्या उभ्या आहात, दळायचं आहे की नाही? डबा उघडून बघितला, म्हणाले, यह तो आटा है. मी म्हटलं, मला बारीक लागतं. त्यांनी पीठ पुन्हा दळून दिलं. दुपारी भाकरी थापायला घेतली तर परातीतून उचलेना, तुटून पडते. रंजनाने विचारलं, पिठाला काय झालं. मी म्हटलं, ज्वारी नवीन आहे.

९ जानेवारी

तुकडे जोडले आज. काय ती भांडणं. हा इथे, तो तिथे, माझा लाल तुझ्या लालाजवळ नको. बेन गप्प बसलेली. अशा वेळी मोठ्या माणसाने दोन धपाटे घालून प्रश्न सोडवायचा असतो. तासभर कालवा करून पोरांनी आपलं आपण ठरवलं. सोनलचा तुकडा कुठे लागला? पार काठाला. अजिंक्यच्या शेजारी, कोपऱ्यात, तिरका. तिनेच मागून घेतली म्हणे ती जागा. भोळी आहे, बापावर गेलीय.

पतंग पाहून मला घाम फुटला. कडा वाकड्या. चिंध्या लोंबतात. खळ कच्ची. ही फाटणार. आणि फाटली की पोरं रडणार, आणि मग तेजस्विनीबेन काय करणार? कोर्समध्ये ते शिकवलं नसणार.

इथेच माझं काम आहे. उघड दिसतंय.

११ जानेवारी, शनिवार

बालमंदिराची किल्ली मगनभाईंकडे असते. म्हटलं, बेनने पतंग दुरुस्तीला द्यायला सांगितलीय. अगदी खोटं नाही. तिला सुचलं असतं तर सांगितलंच असतं.

पतंग गुंडाळून घरी आणली, खाटेखाली सारली. रंजना कामावरचा गठ्ठा पोचवायला गेलीय, सोनल तिच्याबरोबर.

१२ जानेवारी, रविवार

दोघी सकाळीच पांडेसऱ्याला रंजनाच्या माहेरी गेल्या. अख्खा दिवस मोकळा मिळाला, आणि हात असा चालला की काय सांगू. वाकड्या कडा कात्रीने सरळ केल्या. तुकडे उसवून रंगवार लावले, लाल लालांत, पिवळे पिवळ्यांत. सोनलचा मध्यभागी, छातीवर. माझ्या जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं. मग काठापासून मध्यापर्यंत गोधडीचा धावदोरा. ओळी अशा सरळ की आणे-पैशाचा फरक नाही. चारी कोपऱ्यांना ठिगळ. आता ती फाटायची नाही. माझ्यामागेही राहील.

संध्याकाळी हिलालने उचलून बघितली. दोन्ही हातांनी. म्हणाला, माय, ही पतंग आहे की सतरंजी? मिलमध्ये वजनं उचलून त्याला सगळंच जड वाटतं.

रंजना परत आली. बघितलं तिने. कपाळावर हात मारला नाही, पण हात तिथपर्यंत गेला होता. म्हणाली, आत्याबाई, हे पोरांचं होतं हो. मी म्हटलं, पोरांचंच आहे, नीट केलंय. सोनल झोपली होती. उद्या बघेल. आश्चर्य वाटेल.

रंजनाच्या आधी मीच उठून पतंग भिंतीला लावून येणार.

१३ जानेवारी, सोमवार

लिहावंसं वाटत नाही. पण सुरू केलं आहे तर लिहिते.

पोरं आली. भिंतीकडे वळली. मग एकेकजण जवळ जाऊन बोटाने शोधायला लागला. माझा कुठे? माझा कुठाय? अजिंक्यचा तुकडा लालांत गेला होता आणि अर्धा कडेत कापला गेला होता. त्याने भोकाड पसरलं. मग दुसरी. मग सगळा वर्ग. मी इथे बसायला लागल्यापासून हा वर्ग कधी एवढा रडला नव्हता. मी वाट बघत होते की सोनल तरी मध्यभागी आपला तुकडा बघून हसेल.

सोनल म्हणाली, मोठी माय, माझा काठाला होता. अजिंक्यशेजारी. आम्ही ठरवलं होतं.

आणि रडली. आतल्या आत नाही. चांगली मोठ्याने.

मी म्हटलं, अगं, मध्ये चांगला दिसतो. ती माझ्याकडे आली नाही. बेनकडे गेली.

बेन रागावली नाही. रागावली असती तर दोन शब्द मी पण दिले असते. पोरांना म्हणाली, ही आजींनी एकटीने केलेली आहे, आजींचं काम आहे हे, किती बारीक टाका आहे बघा. आपली आपण दुसरी करू. उरलेला कागद काढला, उरलेल्या चिंध्या काढल्या. सगळ्यांनी धडाधड चिकटवलं. माझ्या हातात खळीची वाटीसुद्धा दिली नाही. मणीही दिले नाहीत. मी चटईवर नुसती बसून होते. किती बसले ते सांगत नाही.

आधी माझी उडवून बघितली, बेनने मान ठेवला माझा. गच्चीवर अजिंक्य आणि दोन पोरं ती घेऊन धावली. पतंग त्यांच्यामागे आली, गच्चीवरून घासत, आणि कठड्याला धाडकन आपटली. खाली मगनभाई बाहेर येऊन वर बघून गेले. वारा नव्हता.

मग पोरांची. वाकडी, लोंबती, अर्धी ओली. सोनल माझ्याजवळ आली. डोळे पुसलेले. फिरकी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, मोठी माय, तू फिरकी धर. फक्त धर. ओढू नको.

धरली. हात शिवशिवत होते. ओढली नाही. दोरा बोटात अडकला होता म्हणून.

दोन हात उडाली ती, आणि टाकीवर जाऊन बसली. पोरं अशी नाचली की जणू चंद्रावर गेली. आता खरं सांगायचं तर माझी तीन हात उडाली असती. वारा असता तर.

नंतर माझी पतंग गच्चीवर अंथरून सगळ्यांनी त्यावर बसून ऊस आणि बोरं खाल्ली. सगळी मावली. एकही टाका सुटला नाही. हे कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे म्हणून ठेवलं.

१४ जानेवारी, उत्तरायण

सुट्टी. गल्लीतल्या बायका शकुंतलाच्या गच्चीवर. मला बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी गेले नसते. शकुंतला तिळाचा लाडू घेऊन दारात आली. म्हणाली, गोड घ्या, गोड बोला, धुरपदाबाई. मी काही बोलले नाही. तोंडात लाडू होता.

ती निघता निघता म्हणाली, वर या, फिरकी धरायला कुणी नाही. ही फिरकीची बातमी गल्लीत कुणी नेली? सोनलच्या पोटात काही राहत नाही.

गेले. धरली. लाडवात गूळ कमी होता. सांगितलं नाही. आज सण आहे, उद्या सांगेन.

१६ जानेवारी, गुरुवार

उत्तरायण झालं. मी आत जाणार नाही असं मी स्वतःच ठरवलं. कुणी सांगितलं म्हणून नाही.

दारात गर्दी. एक नवी पोर आली होती, अनुजा नाव. बापाच्या पायाला मिठी मारून टाहो फोडत होती. मी पुढे झालेच असते. बाप बेनला विचारत होता, बेन, मी बसू का दोन दिवस आत? बेन काही म्हणायच्या आधी सोनल आली. त्या पोरीचा हात धरला. आणि एवढ्या लोकांत म्हणाली, रडू नको. माझी मोठी माय पण नवीन होती. तिला खूप दिवस लागले. ती सगळ्यांच्यात हात घालायची. मग आम्ही मणी मिसळून ठेवायचो आणि तिला निवडायला द्यायचो. मग ती गप बसायची. आता ती एकटी घरी जाते.

बेनने पाठ फिरवली. खांदे हलत होते. अनुजा रडायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिचा बापही.

मी म्हटलं, सोनल, चल, जाते मी. ती म्हणाली, थांब. आत गेली, बेनचं निळं पेन घेऊन आली. माझा हात धरला, मनगट उलटं केलं आणि चांदणी काढली. तिरकी. एक टोक कमी. मी सरळ करणार होते. पेन तिच्या हातात होतं.

म्हणाली, दिवसभर रडायचं नाही हां. आणि आत गेली. मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी थांबले असते, हे तिला माहीत आहे. हुशार आहे, माझ्यावर गेलीय.

गिरणीसमोर डोळ्यांत पीठ गेलं. गिरण्या वस्तीत नकोतच.

घरी येऊन सगळी भांडी घासली. उजवा हात पाण्याबाहेर ठेवून डाव्याने घासली, वेळ लागला. रंजनाने विचारलं, आत्याबाई, हाताला काय झालं, आणि ते मनगटावरचं धुवत का नाही? मी म्हटलं, साबण संपलाय.

संध्याकाळी तिने नवी वडी आणली. ती कपड्यांची आहे.